जांघेतील लसीकाग्रंथींची शरीररचना आणि लसीकाशोफावरील शस्त्रक्रिया : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

पायात काटा मोडला, ठेच चिघळली किंवा खाडीत कालवे काढताना शिंपल्याची धार लागून जखम पिकली, की दोन-चार दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. मराठीत तिला ‘अवधाण’ असा स्वतंत्र शब्द आहे. मुंबई उपनगरातील मनोरीसारख्या खाडीकाठच्या गावात चिखलपाण्यात पाय घालून काम करणे हा उपजीविकेचा भाग आहे. तेथे या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागू नये. अवधाण आले असे कळले, की जाणते माणूस गाठीआधी पायाची चौकशी करते. या साध्या चौकशीत शरीररचनेचे एक महत्त्वाचे ज्ञान सामावलेले आहे. जांघेतील गाठ ही सुटी वस्तू नसते. ती शरीराच्या कोणत्या तरी भागाची गाठ असते.

शरीरातील ऊतींमध्ये रक्तवाहिन्यांतून पाझरलेला जो द्रव परत शिरांत जात नाही, तो लसीकावाहिन्या गोळा करतात. वाटेतील लसीकाग्रंथी तो गाळतात आणि अखेरीस तो मानेच्या मुळाशी पुन्हा रक्तात मिसळतो. ही वाट अडली वा तुटली, की द्रव साचून त्या भागाला कायमची सूज येते. तिला लसीकाशोफ म्हणतात. पायाच्या बहुतेक लसीकेची वाट जांघेतून जाते. त्यामुळे पायाच्या लसीकाशोफावर शस्त्रक्रिया करणाऱ्याला जांघेतील ग्रंथींची रचना टाळता येत नाही.

तथापि महाविद्यालयीन अध्यापनात ही रचना ज्या रीतीने शिकविली जाते, ती शस्त्रक्रियेला उपयोगी पडते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ग्रंथी कोठे आहेत आणि किती आहेत, एवढे विद्यार्थ्याला सांगितले जाते. शस्त्रक्रियेचा प्रश्न मात्र ‘ही ग्रंथी कोणाची?’ असा असतो. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत लसीकाशोफावर ज्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांचे यशापयश या दुसऱ्या प्रश्नाला दिलेल्या उत्तराशी निगडित आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

शब्द आणि जुने वर्णन

आयुर्वेदात हत्तीपायाला ‘श्लीपद’ म्हटले आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वृद्धी आणि उपदंश यांच्यासोबत श्लीपदाचे वर्णन येते. प्रकुपित दोष खाली उतरून वंक्षण, ऊरू, जानू आणि जंघा येथे स्थिरावतात व कालांतराने पायाच्या आश्रयाने हळूहळू सूज निर्माण करतात, असा त्या वर्णनाचा आशय आहे. जेथे जुने पाणी साचून राहते आणि जो प्रदेश सर्व ऋतूंत थंड असतो, तेथे हा रोग विशेष आढळतो, असेही तेथे नोंदविले आहे. माधवनिदानात तर ज्वरासह वंक्षणात उत्पन्न होणारी, अतिशय वेदनायुक्त आणि क्रमाने पायाकडे जाणारी सूज, असा क्रम दिला आहे.

हे वर्णन वाचताना मराठी वाचकाची एका शब्दापाशी फसगत होण्याचा संभव आहे. संस्कृतातील ‘जंघा’ म्हणजे गुडघ्याखालील पाय, पोटरीचा भाग. मराठीतील ‘जांघ’ म्हणजे मांडी आणि ओटीपोट यांमधील सांधा. त्याला संस्कृतात ‘वंक्षण’ म्हणतात. शब्द तोच, परंतु अवयव दीड हात वर सरकला आहे. हा फरक लक्षात न घेता जुना पाठ वाचल्यास रोगाचा क्रमच उलटापालटा होतो. परिभाषेच्या प्रश्नाकडे केवळ भाषाशिक्षकाचा विषय म्हणून पाहता येत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या जुन्या वर्णनात आधुनिक शोध आधीच होते, असा दावा करण्याचे कारण नाही. दोषांची कल्पना आणि लसीकेची कल्पना या भिन्न आहेत. कलकत्ता येथे टिमोथी लुईस यांना १८७२ मध्ये रुग्णाच्या रक्तात फायलेरियाचे सूक्ष्म कृमी दिसले. पुढे १८७७ मध्ये चीनमधील अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन यांनी त्या कृमीचा डासाशी असलेला संबंध दाखविला. ही कारणमीमांसा प्राचीन ग्रंथांत नाही. परंतु जांघेतील दुखरी गाठ व ज्वर आधी आणि पायाची स्थायी सूज मागाहून, हे निरीक्षण मात्र अचूक आहे. रुग्णाकडे पाहणाऱ्याने जांघ आणि पाय यांचा संबंध ओळखला होता, एवढे त्यातून निश्चित म्हणता येते.

पाठ्यपुस्तकातील चित्र

आजच्या शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकांत जांघेतील ग्रंथींचे वरवरच्या आणि खोल असे दोन गट केलेले असतात. वरवरच्या ग्रंथी त्वचेखालील मेदात असतात. त्यांची मांडणी इंग्रजी टी अक्षरासारखी सांगितली जाते. वंक्षणबंधाच्या लगेच खाली, त्याला समांतर अशी आडवी ओळ असते. मोठी सॅफेनस शीर जेथे ऊरूशिरेला मिळते, तेथे त्या शिरेच्या शेवटच्या भागालगत उभी ओळ असते. आडव्या ओळीत साधारण पाच-सहा आणि उभ्या ओळीत चार-पाच ग्रंथी मानल्या जातात. खोल ग्रंथी एक ते तीन असून त्या ऊरूशिरेच्या आतील बाजूस असतात. त्यांतील सर्वांत वरच्या ग्रंथीला क्लोके यांचे नाव आहे.

संख्या पाठ करण्यास हे चित्र सोयीचे आहे. परंतु त्यातील खरे मर्म ओळींच्या संख्येत नसून त्यांच्या कार्यक्षेत्रात आहे. उभ्या ओळीकडे पायाची बहुतांश वरवरची लसीका येते. आडव्या ओळीच्या बाहेरील ग्रंथींकडे नितंब आणि बेंबीखालील पोटाच्या भिंतीची लसीका येते. आतील ग्रंथींकडे बाह्य जननेंद्रियांची त्वचा, गुदद्वाराचा खालचा भाग आणि त्यालगतचा प्रदेश यांची लसीका येते. म्हणजे तळहाताने झाकता येईल एवढ्या जागेत किमान तीन निराळ्या प्रदेशांच्या वाटा एकमेकींना खेटून आहेत.

यातील अपवादही तितकेच महत्त्वाचे आहेत. पोटरीच्या मागील-बाहेरील भागाची लसीका छोट्या सॅफेनस शिरेसोबत गुडघ्यामागच्या ग्रंथींकडे जाते. त्यामुळे टाचेच्या बाहेरील बाजूस झालेल्या जखमेचे अवधाण जांघेत दिसेलच असे नाही. वृषणाची लसीका तर जांघेला वगळून थेट उदरातील महाधमनीलगतच्या ग्रंथींकडे जाते. वृषणकोशाची त्वचा मात्र जांघेकडे जाते. एकाच अवयवाचे आवरण आणि आतील भाग दोन भिन्न दिशांना जातात, ही गोष्ट नुसत्या ठिपक्यांच्या आकृतीतून विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही.

डॅसलर, अ‍ॅन्सन आणि रायमन यांनी १९४८ मध्ये ४५० विच्छेदनांच्या आधारे केलेला अभ्यास या संदर्भात उल्लेखनीय आहे. सॅफेनस व ऊरू शिरांच्या संगमाभोवती त्यांनी ग्रंथींचे पाच विभाग कल्पिले. कर्करोगात जांघेतील ग्रंथी काढण्यासाठी हा अभ्यास झाला होता. म्हणजे विभागांची गरज शस्त्रक्रियेने निर्माण केली, अध्यापनाने नव्हे. पुढे १९७७ मध्ये कबानास यांनी शिश्नाच्या कर्करोगात आतील-वरच्या विभागातील विशिष्ट ग्रंथी प्रथम तपासावी, अशी कल्पना मांडली. १९८८ मध्ये कॅटलोना यांनी सॅफेनस शीर व बाहेरील ग्रंथी राखून मर्यादित छेदन सुचविले. संपूर्ण छेदनानंतर पायाला येणारी सूज कमी व्हावी, हा त्यामागील एक हेतू होता. ‘कोणाची ग्रंथी’ हा प्रश्न विचारताच चाकूची मर्यादा बदलली, हे येथे दिसून येते.

शस्त्रक्रियेचे तीन टप्पे

लसीकाशोफावरील शस्त्रक्रियांचा इतिहास स्थूलमानाने छेदन, जोडणी आणि प्रत्यारोपण अशा तीन टप्प्यांत पाहता येतो.

पहिल्या टप्प्यात जांघेचा विचार जवळजवळ नव्हता. सुजलेली त्वचा व त्वचेखालील ऊती कापून काढणे, हाच उपाय मानला गेला. या टप्प्याशी भारतात काम केलेल्या रिचर्ड हॅवलॉक चार्ल्स यांचे नाव जोडले जाते. पायाची सुजलेली त्वचा आणि मेद पूर्णपणे काढून उघड्या आवरणावर त्वचारोपण करण्याच्या शस्त्रक्रियेला आजही ‘चार्ल्स शस्त्रक्रिया’ म्हणतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. चार्ल्स यांचे १९०१ मधील लेखन जननेंद्रियांच्या हत्तीरोगावरील १४० शस्त्रक्रियांविषयी होते आणि १९१२ मधील त्यांचे प्रकरणही वृषणकोशाच्या हत्तीरोगाविषयी होते. १९५० मध्ये मॅकिंडो यांनी पायावरील शस्त्रक्रियेचे श्रेय त्यांना दिले आणि पुढील ग्रंथकारांनी मूळ लेख न पाहता ते पुढे चालविले. १९९६ मध्ये ड्युमेनियन आणि फ्युट्रेल यांनी ही चूक दाखवून दिली.

ही केवळ संदर्भसूचीतील चूक आहे, असे म्हणून ती सोडून देता येत नाही. वृषणकोशाच्या त्वचेची लसीका आडव्या ओळीच्या आतील ग्रंथींकडे जाते, तर पायाची उभ्या ओळीकडे. दोन्ही भागांत रोग एकच असला, तरी वाट एक नाही आणि शस्त्रक्रियेचे फळही एक नाही. वृषणकोशाची वाढलेली त्वचा काढल्यावर रुग्णाला चालणे-बसणे सुकर होते. पायावर मात्र त्वचारोपण केलेल्या जागी व्रण होणे, लसीका पाझरणे, त्वचा चामखिळीसारखी जाड होणे असे उपद्रव नोंदविले गेले आहेत. एका प्रदेशातील अनुभव दुसऱ्या प्रदेशाच्या नावावर जमा झाला. असे होऊ शकले, याचे कारण दोन्ही प्रदेशांना ‘हत्तीरोग’ या एकाच नावाखाली बसविले गेले.

दुसऱ्या टप्प्यात जांघ केंद्रस्थानी आली. १९५२ मध्ये किनमंथ यांनी लसीकावाहिन्यांचे क्ष-किरण चित्रण शक्य करून दाखविल्यावर अडथळा नेमका कोठे आहे, हे जिवंत माणसात पाहता येऊ लागले. पोलंडमधील वॉर्सा येथे नीलुबोविच आणि ओल्शेव्स्की यांनी १९६६ मध्ये ग्रंथी आडवी छेदून तिचा कापलेला भाग जवळच्या शिरेला जोडला व १९६८ मध्ये त्याविषयी लिहिले. पायातून येणारी लसीका ग्रंथीपर्यंत पोहोचते परंतु पुढे ओटीपोटात तिची वाट बंद आहे, अशा रुग्णासाठी ही कल्पना तर्कशुद्ध होती. मराठी माणसाला भोसले राजघराण्यामुळे परिचित असलेल्या तंजावर येथे एस. जमाल यांनी १९८० च्या सुमारास फायलेरियाजन्य लसीकाशोफात अशा जोडण्यांचा उपयोग केला. भारतीय रुग्णांच्या दृष्टीने हे काम महत्त्वाचे ठरले.

या पद्धतीची मर्यादाही शरीररचनेतच आहे. जोडलेली ग्रंथी पायाची असली पाहिजे, आणि ती जिवंत असली पाहिजे. वारंवार जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णात ग्रंथी तंतुमय व घट्ट होते. तिच्यातून लसीका वाहत नसेल, तर शिरेला जोडूनही काही साध्य होत नाही. म्हणून पुढे जांघ टाळून पोटरी वा घोट्याजवळच लसीकावाहिनी बारीक शिरेला जोडण्याकडे सूक्ष्मशस्त्रक्रियेचा कल झाला. मेलबर्नचे ओब्रायन आणि जपानचे कोशिमा यांचे काम या दिशेचे आहे.

तिसऱ्या टप्प्यात जांघेकडे पाहण्याची दृष्टी पुन्हा बदलली. जांघ हे दुरुस्तीचे ठिकाण न राहता ग्रंथींचे भांडार मानले जाऊ लागले. २००६ मध्ये कोरिन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगानंतर हात सुजलेल्या २४ स्त्रियांमध्ये जांघेतील ग्रंथी रक्तवाहिन्यांसह काखेत बसविल्याचा दीर्घकालीन अनुभव प्रसिद्ध केला. ग्रंथींना रक्त पुरविणाऱ्या वरवरच्या धमन्यांसह त्या उचलता येतात आणि व्रण कपड्याखाली झाकला जातो, त्यामुळे ही जागा सोयीची ठरली.

परंतु येथेच मूळ प्रश्न पूर्ण तीव्रतेने उभा राहतो. उचललेल्या ग्रंथी पोटाच्या भिंतीच्या असतील, तर पायाचे नुकसान होण्याची शक्यता कमी. त्या पायाच्या निघाल्या, तर हाताची सूज उतरविण्यासाठी धडधाकट पायाला सूज दिली, असे होते. २०१२ नंतर अशा दात्या पायाची लसीकावहनक्षमता मंदावल्याचे आणि काही रुग्णांत प्रत्यक्ष सूज आल्याचे अनुभव प्रसिद्ध झाले. त्यावर उपाय म्हणून २०१५ मध्ये डायन आणि सहकाऱ्यांनी उलट आरेखनाची पद्धत मांडली. पायाच्या बोटांमध्ये किरणोत्सर्गी टेक्नेशियम टोचून पायाच्या ग्रंथी ओळखायच्या, ओटीपोटात चकाकणारा रंग टोचून पोटाच्या ग्रंथी ओळखायच्या, आणि पहिल्या सोडून दुसऱ्याच उचलायच्या. वंक्षणबंधालगतच्या बाहेरील ग्रंथी घ्याव्यात, सॅफेनस शिरेच्या संगमाजवळच्या घेऊ नयेत, हा सामान्य नियम पुस्तकातील आकृतीवरून सांगता येतो. परंतु व्यक्तिगणिक मांडणी बदलत असल्यामुळे आकृतीवर विसंबणे पुरेसे नाही. प्रत्येक रुग्णात हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो, हेच या पद्धतीने मान्य केले आहे.

महाराष्ट्रातील रुग्णाच्या दृष्टीने

उपरोक्त इतिहासाचे मोल महाराष्ट्रात कसे करावयाचे, हा पुढील प्रश्न आहे. येथे पायाच्या लसीकाशोफाचे रुग्ण मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. कर्करोगाच्या उपचारात जांघेतील वा ओटीपोटातील ग्रंथी काढलेल्यांचा एक वर्ग आहे. दुसरा वर्ग हत्तीरोगाच्या रुग्णांचा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे विदर्भातील जिल्हे या रोगासाठी दीर्घकाळ ओळखले गेले आहेत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बी. सी. हरिनाथ यांच्या मार्गदर्शनाखाली फायलेरियाच्या निदानावर अनेक वर्षे संशोधन झाले, ते याच पार्श्वभूमीवर.

पहिल्या वर्गात अडथळ्याची जागा माहीत असते आणि त्याखालील वाहिन्या सुरुवातीस निरोगी असतात. जोडणी किंवा प्रत्यारोपण यांचा विचार तेथे वेळीच करता येतो. दुसऱ्या वर्गात कृमी लसीकावाहिन्यांतच राहतात. वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात आणि दोन्ही पायांची यंत्रणा कमीअधिक प्रमाणात बाधित असू शकते. अशा रुग्णाच्या दुसऱ्या, वरकरणी निरोगी जांघेतून ग्रंथी उचलणे म्हणजे आधीच कमकुवत असलेल्या वाटेवर घाला घालणे होय. परदेशातील कर्करोगोत्तर रुग्णांवरील यश जसेच्या तसे विदर्भातील हत्तीरोग्याला लागू करणे, ही चार्ल्स यांच्या नावाने झालेल्या चुकीचीच नवी आवृत्ती ठरेल.

पुरुष रुग्णांत आणखी एक भेद आवश्यक आहे. अंडवृद्धी, म्हणजे वृषणाभोवती पाणी साचणे, ही फायलेरियाची वारंवार दिसणारी परिणती आहे. हिचा मार्ग जांघेतील ग्रंथींमधून जात नाही आणि हिच्यावरील शस्त्रक्रिया तुलनेने सोपी व परिणामकारक आहे. ‘हत्तीरोग बरा होत नाही’ या सरसकट समजुतीमुळे असा रुग्णही उपचाराविना राहिला, तर तो दोष शरीररचनेच्या अज्ञानाचा मानावा लागेल.

पायाच्या सुजेबाबत गेल्या तीन दशकांत झालेला सर्वांत मोठा बदल शस्त्रक्रियागृहाबाहेरचा आहे. ब्राझीलमधील रेसिफे येथे गेर्युसा ड्रेयर यांनी केलेल्या कामातून असे पुढे आले, की ज्वर, लाली आणि जांघेतील दुखरी गाठ यांसह येणारे झटके बहुधा जंतुसंसर्गाचे असतात. हे जंतू बोटांच्या बेचक्यांतील भेगा व चिखल्यांतून शिरतात आणि प्रत्येक झटका सूज वाढवितो. पाय रोज साबणपाण्याने धुणे, बेचके कोरडे करणे, भेगांवर औषध लावणे, पाय उंच ठेवणे, व्यायाम आणि पादत्राणे यांनी हे झटके कमी होतात. केरळातील कासरगोड येथील उपयोजित त्वचाविज्ञान संस्थेने आयुर्वेद, योग आणि आधुनिक त्वचाविज्ञान यांची सांगड घालून याच दिशेने काम केले आहे. शस्त्रक्रिया करावयाची झाली, तरी ही निगा आधी व नंतर अनिवार्य आहे. संसर्गाचे झटके चालू असतील, तर जोडलेली वाहिनी वा बसविलेली ग्रंथी टिकण्याची आशा कमी होते.

भारताने २००४ पासून सामुदायिक औषधोपचाराची मोहीम व्यापक केली. २०१८ च्या अखेरीपासून काही निवडक जिल्ह्यांत तीन औषधांची एकत्रित मात्रा देण्यास सुरुवात झाली, त्यांत नागपूरचा समावेश होता. २०२७ पर्यंत रोगाच्या उच्चाटनाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. हे उद्दिष्ट योग्यच आहे. परंतु औषधांनी संक्रमण थांबले, तरी आधीच सुजलेला पाय पूर्ववत होत नाही. त्या रुग्णांची गरज उच्चाटनाच्या घोषणेनंतरही अनेक वर्षे राहणार आहे.

समारोप

जांघेतील लसीकाग्रंथींचे प्रचलित वर्णन चुकीचे नाही, अपुरे आहे. संख्या आणि स्थान सांगून ते थांबते. कोणत्या ग्रंथीकडे कोणत्या प्रदेशाची वाट येते, कोणता प्रदेश जांघेला वगळून जातो आणि व्यक्तिगणिक त्यात किती फरक पडतो, हे अध्यापनाच्या केंद्रस्थानी आणणे आवश्यक आहे. आकृतीत ग्रंथींचे ठिपके काढण्याऐवजी पाय, पोट आणि जननेंद्रिये यांच्याकडून येणाऱ्या वाटा भिन्न रंगांनी दाखविल्या, तरी बरेच काम होईल. सोबत चार्ल्स यांच्या नावाचा इतिहास सांगितला, तर मूळ लेख पाहिल्याशिवाय संदर्भ देऊ नये, हा संशोधनाचा धडाही विद्यार्थ्याला मिळेल. हा धडा कोणत्याही विद्याशाखेत उपयोगी आहे.

शस्त्रक्रियेचे मूल्यमापन करतानाही तिच्या तांत्रिक कौशल्याआधी तिने कोणाची वाट राखली आणि कोणाची मोडली, हे पाहिले पाहिजे. या कसोटीवर छेदनाचा टप्पा बहुतांशी उणा ठरतो, जोडणीचा टप्पा निवडक रुग्णांत समर्थनीय ठरतो आणि प्रत्यारोपणाचा टप्पा आरेखनाशिवाय धोक्याचा ठरतो. हत्तीरोगाच्या रुग्णात तर तिन्हींच्या आधी पायाची निगा येते. अवधाण आले असता आधी पाय पाहणाऱ्या जाणत्या माणसाची रीत शरीररचनाशास्त्राच्या वर्गातही स्वीकारण्यासारखी आहे.